‘गेम’ म्हणजे नेमका कोणता गेम?

माननीय संपादक,
स. न.

कालच्या अंकातला गेममधून शिक्षणावरचा लेख दोनदा वाचला. गेममुळे मुले चांगली शिकतात हे ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’, असे वाक्य त्यात तीन वेळा आले आहे. कोणाचे संशोधन, कोणत्या वयाच्या मुलांवर, कोणता गेम खेळवून, हे एकदाही आलेले नाही. लेखकांचा हेतू चांगला असेल, पण अशाच वाक्यांच्या भरवशावर शाळा असे गेम खरेदी करतात आणि निस्तरावे लागते आम्हा पालकांना.

माझा मुलगा पाचवीत असताना शाळेने अपूर्णांकांसाठी एक गेम आणला. पळायचे, उड्या मारायच्या, नाणी गोळा करायची, मध्येच दार बंद व्हायचे आणि प्रश्न यायचा. खाली चार पर्याय. चुकले तरी पुन्हा दाबता येई. चार दिवसांत पोराने ओळखले की प्रश्न वाचायचीही गरज नाही, वरून खाली एकेक पर्याय दाबत गेले की दार उघडते. महिनाअखेरीस पालकसभेत बाईंनी आलेख दाखवला, त्यात तो पहिल्या तिघांत! घरी येऊन मी त्याला कागदावर विचारले, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? म्हणाला, एक चतुर्थांश, कारण चार मोठे. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, तर मलाच विचारण्यात आले, ‘तुमचा तंत्रज्ञानाला विरोध आहे का?’

मुळीच नाही. उलट मी शोधून वाचले. गणित खेळातच मिसळावे की खेळ थांबवून विचारावे, नेमका हाच प्रश्न जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ या संशोधकांनी २०११ मध्ये तपासला. त्यांच्या ‘झोंबी डिव्हिजन’ या गेममध्ये सांगाड्यांच्या छातीवर संख्या असते आणि तिला निःशेष भाग जाईल असे शस्त्र निवडले तरच सांगाडा पडतो. म्हणजे भागाकार हीच लढाई. दुसऱ्या आवृत्तीत लढाईत गणित नव्हते, ते लेव्हल संपल्यावर प्रश्नांच्या रूपात येई. वेळ सारखाच दिला, तरी पहिल्या आवृत्तीची मुले जास्त शिकली. मोकळीक दिल्यावर तर मुलांनी पहिल्या आवृत्तीला सातपट वेळ दिला. चित्रे, आवाज, नाणी यांनी हा फरक पडलेला नाही. गणित खेळाच्या आत आहे की दाराशी उभे आहे, त्याने पडला. थॉमस मेलोन या संशोधकांनी १९८० च्या सुमारासच हा भेद मांडला होता. चाळीस वर्षांहून जुनी गोष्ट तुमच्या अख्ख्या पानात एका ओळीनेही येऊ नये?

आणि लेखाशेजारची ती ‘व्यसन’ची चौकट! तासभर खेळणाऱ्या मुलाला तुम्ही रोगी ठरवून टाकलेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर (गेम खेळण्याचा विकार) आहे, पण तिथे तासांची मर्यादा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याआधी खेळ येणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे आणि हे साधारण १२ महिने चालणे, असे निकष आहेत. कृपया ही दुरुस्ती छापा.

मुलाला अपूर्णांक मी कागदाच्या पट्ट्या दुमडून शिकवले. त्याची धाकटी बहीण यंदा पाचवीत गेली आहे आणि तिलाही शाळेने तोच गेम दिला आहे.

आपली,
एक पालक