नियंत्रकाला ऐकायलाही वेळ हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विमानतळाजवळ अपघात झाला किंवा दोन विमानांची टक्कर थोडक्यात टळली, की चर्चेत पहिला प्रश्न ठरलेला असतो : चूक वैमानिकाची की त्याला जमिनीवरून सूचना देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाची? मला या प्रश्नाची घाई चुकीची वाटते. अशा अनेक अपघातांच्या चौकशीतून जे बाहेर आले, ते पाहता दोघांमधला संवाद कुठे आणि कशामुळे तुटला हे आधी विचारले पाहिजे.

वैमानिक आणि नियंत्रक ज्या रेडिओवर बोलतात, त्यावर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले, तर ऐकणाऱ्याच्या कानावर केवळ एक कर्कश शिट्टी पडते आणि आपले बोलणे पोहोचले नाही हे बोलणाऱ्याला कळतही नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरील विमानतळावर नेमके हेच घडले. धुक्यामुळे नियंत्रकाला धावपट्टी दिसत नव्हती. केएलएम या डच कंपनीच्या जम्बो विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, पण प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. सहवैमानिकाने आपण उड्डाणाच्या स्थितीत असल्याचे संदिग्ध शब्दांत कळवले. त्यावर नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि ‘थांबा, मी सांगतो’ असेही म्हणाला; परंतु त्याच क्षणी त्याच धावपट्टीवर असलेल्या पॅन ॲम या अमेरिकन कंपनीच्या विमानाच्या वैमानिकाने ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे सांगितले आणि हे दोन्ही संदेश एकमेकांत मिसळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्पष्ट ऐकू आले, पुढचे सारे शिट्टीत गेले. केएलएमचे विमान उड्डाणासाठी धावू लागले आणि पॅन ॲमच्या विमानावर आदळले; ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरण्याची शिस्त आली.

अशा चुका वेळीच पकडण्यासाठी ‘रीडबॅक’ची पद्धत आहे. वैमानिक मिळालेली सूचना पुन्हा म्हणून दाखवतो आणि नियंत्रक ती ऐकून बरोबर असल्याची खात्री करतो. यातला दुसरा भाग, म्हणजे नियंत्रकाचे ऐकणे, बाहेरच्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही; आणि कामाचा ताण वाढला की पहिला घाव त्यावरच बसतो. एका विमानाचा वैमानिक सूचना परत म्हणत असताना नियंत्रकाच्या मनात पुढच्या तीन विमानांचा क्रम लागत असेल, तर चुकलेला आकडाही त्याला बरोबरच ऐकू येतो, कारण माणसाचा कान अपेक्षित तेच ऐकतो. त्यामुळे संवादाची सुरक्षितता शेवटी मनुष्यबळावर येऊन ठेपते.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमाने धडकली आणि ७१ जण मरण पावले, तेव्हा त्या विमानांना सूचना देणाऱ्या झुरिचच्या नियंत्रण कक्षात एकच नियंत्रक दोन नियंत्रकांच्या जागांचे काम पाहत होता. देखभालीच्या कामामुळे मुख्य दूरध्वनी यंत्रणा बंद होती आणि पर्यायी लाइनमध्येही बिघाड होता. शेजारच्या केंद्रातील नियंत्रकाला टक्कर होणार हे दिसत होते, तो फोन करत होता, पण फोन लागत नव्हता. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांच्या टकरीत ६७ जणांचा बळी गेला. तिथेही हेलिकॉप्टर आणि विमाने यांच्यासाठीच्या दोन जागा एकत्र करून एकाच नियंत्रकाकडे दिलेल्या होत्या. ‘विमानाच्या मागून जा’ या सूचनेतला एक तुकडा हेलिकॉप्टरमधल्यांनी त्याच क्षणी माइकचे बटण दाबल्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नसावा, असे तपासात आढळले. तेनेरिफनंतर सत्तेचाळीस वर्षे उलटूनही एकाच वेळी दाबलेले बटण आपल्याला छळतेच आहे, याचा मला मनस्वी खेद वाटतो.

केवळ शब्दांवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे आपल्या देशानेही पाहिले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीजवळ झालेल्या टकरीत ३४९ जण गेले. नियंत्रकाने दोन्ही विमानांना दिलेल्या उंचींमध्ये एक हजार फुटांचे अंतर होते, परंतु कझाक विमान दिलेल्या उंचीच्याही खाली आले आणि दिल्लीत तेव्हा वापरात असलेल्या रडारवर विमानाची उंची दिसत नसल्याने नियंत्रकाला ते कळले नाही.

यावर कोणी म्हणेल की आता यंत्रे आहेत. ती हवीतच. पण २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे विमान परवानगीशिवाय धावपट्टीवर आले, तेव्हा नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा उमटला होता. तो कोणाच्या लक्षात आला नाही. विशेष म्हणजे, त्या विमानाने रीडबॅक अचूक दिला होता. उतरणारे प्रवासी विमान त्यावर आदळले; प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण वाचले, तटरक्षक दलाचे पाच जण मात्र गेले. त्यानंतर जपानने तो पडदा सतत पाहण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला. माझ्या दृष्टीने हा उपाय योग्य दिशेचा आहे, कारण आधीच व्यग्र असलेल्या माणसासमोर आणखी एक दिवा लावून त्याचे लक्ष वाढत नाही.

म्हणून विमानतळाच्या क्षमतेची चर्चा ताशी किती विमाने उतरतात एवढ्यावर थांबू नये. नियंत्रण कक्षातील मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, दोन जागा एकाच नियंत्रकाकडे महिन्यातून किती वेळा दिल्या गेल्या, आणि रेडिओ, रडार व दूरध्वनी बंद पडल्यास पर्यायी यंत्रणेची चाचणी शेवटची कधी झाली, ही माहिती हवाई वाहतूक यंत्रणांनी नियमितपणे प्रसिद्ध करावी. तसेच चुकीचे ऐकले गेल्याची घटना स्वतःहून कळवणाऱ्या वैमानिकावर किंवा नियंत्रकावर त्या कारणाने कारवाई होणार नाही, याची लेखी हमी असावी. अशी हमी नसेल, तर थोडक्यात टळलेल्या घटना नोंदीत येणार नाहीत आणि त्यांची माहिती आपल्याला पुढच्या अपघाताच्या चौकशी अहवालातूनच मिळेल.

आपला विश्वासू,
एक वाचक