चपलेत हात घालून पाहणाऱ्या सिस्टर, तुमचे आभार

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या तळपायाची जखम भरली. वर्षानुवर्षं ओली राहिलेली ती जागा आता कोरडी आहे. ती पाहिली की अजूनही भरून येतं, म्हणून चारचौघांत आभार मानायचे ठरवलं.

तुमच्या आधी या पायाकडे पुष्कळांनी पाहिलं, पण लांबून. कुणी मलमाची ट्यूब टेबलावरून सरकवली, कुणी "कुष्ठरोग बरा झालाय, कार्डावर शिक्का आहे, आता काय?" म्हणून वाटेला लावलं. शिक्का खरा होता. 12 महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला की रोग बरा होतो, आणि संसर्ग तर पहिल्या काही डोसांनंतरच थांबतो. पण जुनी मेलेली नस गोळ्यांनी जिवंत होत नाही, हे त्यांतल्या एकानेही समजावून सांगितलं नाही.

तुम्ही सांगितलंत. ओट्यावर खाली बसून, बाबांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन. मांस रोगाने सडत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागी भार देत राहतो आणि आतून चिरडलेली जागा फुटते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात 1946 साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं होतं. तेही तुमच्यासारखेच श्रद्धेपोटी या कामात उतरलेले.

तुमची पद्धत घरात आता सगळ्यांना पाठ आहे. घमेल्यात साधं पाणी, अर्धा तास पाय बुडवून. पाणी गरम नको, आणि बाबांनी हात घालून पाहिलं तर ते धरायचं नाही, कारण त्यांचे हातही बधिर. दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहायचं. मग भिजलेला घट्टा वजरीने हलक्या हाताने घासायचा. ब्लेड लावायचं नाही, बधिर पायाला खोल गेलेलं कळत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, बाकी पाय ओलसर असतानाच तेल चोळायचं. नस मेली की घामही थांबतो, कातडी सुकते, भेगा पडतात. तेलाने पाणी आत टिकतं. शेवटी हाताची मागची बाजू तळव्यावर फिरवायची. एखादी जागा बाकीपेक्षा गरम लागली, तर फोड यायच्या आधीच त्या पायाला विश्रांती. सगळ्यांत जास्त चुकतं ते इथेच. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण बसतं? दुखत नाही म्हटल्यावर माणूस शेतात जातोच, आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते.

पण मनात घर करून राहिली ती एक बारीकशी गोष्ट. बाबांनी चप्पल घालायच्या आधी तुम्ही ती ओट्यावर आपटायचात, मग उघडा हात आत घालून पंजापासून टाचेपर्यंत बोटं फिरवायचात. दर वेळी. एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबरची) चप्पल म्हणजे मऊ रबराचा आतला थर, खाली कडक सोल, मागे पट्टा आणि खिळा एकही नाही. पण पऱ्हाटीचा टोकदार तुकडा किंवा बाभळीचा काटा सोलमधून वर आला, तर बधिर पाय दिवसभर त्यावरच चालतो. असा काटा हाताला लागला की तुम्ही तो उंच धरून हसायचात, "बाबा, दखा, चोर सापडना!" (बघा, चोर सापडला!) आणि बाबाही हसायचे. जो पाय लोकांना बघवत नव्हता, त्याच्या चपलेत तुम्ही इतक्या सहज हात घालत होतात.

हा आनंद वरवरचा नव्हता, उपचाराइतकाच कामाचा होता. तोंड वाकडं करून सेवा करणाऱ्यापुढे रुग्ण पाय लपवतो. धोतराखाली, पोत्याखाली, आणि जखम हाडापर्यंत पोहोचते. तुम्ही दारातून "बाबा, पाय दखाडा" म्हटलंत की ते आपणहून पुढे करायचे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. तुम्ही घमेलं पुढे ओढताना डोळे मिटून क्षणभर काय म्हणायचात, ते त्यावरून उमगतं. "प्रभूचं काम आहे, ओझं कसलं?" एवढंच तुमचं उत्तर असायचं. चहाही पाण्याचं घमेलं रिकामं झाल्यावरच घ्यायचात.

अशी माणसं धुळे-नंदुरबारच्या पाड्यापाड्यांत गाजावाजा न करता काम करतात. त्यांचं कुठे छापून येत नाही, याचं वाईट वाटतं.

बाबा रात्री पायमोजे घालूनच झोपतात, धान्याची पोती दुसऱ्या खोलीत हलवली. बधिर पाय रात्री उंदरांनी कुरतडला तरी कळत नाही, हे तुम्ही सांगितलेलं लक्षात आहे. चहाचा पेलाही फडक्यात धरतात. डाव्या चपलेचा मागचा पट्टा मात्र सैल झालाय आणि टाच घासते. खिळा कुणाला मारू दिलेला नाही. पुढच्या फेरीला येताना शिवणीचा जाड दोरा घेऊन या.

आपले कृतज्ञ,
बाबांच्या घरची सगळी मंडळी