म्हाताऱ्याला दिलेले पाच

प्रिय बंड्या,

पाडव्यानंतर फोन केला नाही, मान्य. तूही केला नाहीस, ते सोड. माझ्या लांबलचक व्हॉइस मेसेजचा तुला वैताग येतो म्हणून हातानं लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर वहिनींना दाखव. पंचवीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेल्या बाईला माझं अक्षर अवघड नाही. तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच, शुगर काठावर. झालं तब्येतीचं.

आता मुद्दा. परवा रविवारी मी म्हाताऱ्याला पाच दिले.

इथं हे कोणाशी बोलायची सोय नाही. बायको म्हणाली, “मग? पाच म्हणजे चांगलं ना?” पोरगा म्हणाला, “व्हिडिओ नाही का?” व्हिडिओ नाही. इंग्लंडमधल्या डेल्स या डोंगराळ भागातल्या एका ओढ्यात, गुडघाभर नेच्यात, भिजलेलं कार्ड आणि पेन्सिल घेऊन मी एकटा उभा होतो. क्लबच्या ट्रायलला, म्हणजे दगडधोंड्यांतून पाय न टेकता मोटरसायकल चालवायच्या स्पर्धेला, ऑब्झर्व्हर मिळत नाहीत रे. गाडी चालवायला साठ जण येतात, दगडावर उभं राहून दुसऱ्याचे पाय मोजायला कोण तयार होणार? गुडघ्यामुळं या मोसमात मी चालवतच नव्हतो, म्हणून प्रत्येक वेळी मलाच धरतात.

मार्कांचं गणित तुला किती वेळा सांगितलंय, पण तुझ्या डोक्यात राहत नाही. कमी मार्कवाला जिंकतो. सेक्शनमध्ये, म्हणजे पट्ट्या लावून आखलेल्या अवघड टप्प्यात, एकदा पाय टेकला की एक, दोनदा टेकला की दोन, पुढं कितीही टेकव, तीनच. पडलास, पट्टीबाहेर गेलास, इंजिन बंद पाडून पाय टेकलास, की पाच. आणि आमच्या क्लबात नो-स्टॉप आहे. म्हणजे गाडीचं पुढं जाणं थांबलं की पाच. पाय पायटावर, म्हणजे फूटरेस्टवर, असले तरी. इथंच सगळी मेख आहे. यावर जगभर भांडणं झालीत. एफआयएमनं, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक संघटनेनं, २०१३ मध्ये जागतिक स्पर्धेत नो-स्टॉप परत आणला तेव्हा केवढा गदारोळ! टोनी बोऊला काहीच फरक पडला नाही म्हणा, तो २००७ पासून दरवर्षी जिंकतोच आहे, थांबा म्हटलं तरी आणि थांबू नका म्हटलं तरी. बाकीच्यांना पडतो.

म्हातारा तुला आठवतोच. व्हिडिओ कॉलवर तू “नमस्कार बाबा” म्हणालास आणि त्यानं उत्तरादाखल थेट गाडीचा स्विंगआर्म, मागचं चाक धरणारा दांडा, कॅमेऱ्यापुढं धरला. त्याच गाडीत, त्याच्या शेर्पामध्ये, तुझे गनमेटलचे बुश आहेत, उद्यमनगरात टर्न केलेले. दोन मोसम झाले, तसूभर खेळ आला नाही. हे तो सगळ्यांना सांगतो. माझं नाव घेत नाही, “दॅट चॅप इन कोलापूर” म्हणतो. मी नुसता पोस्टमन.

खरा पोस्टमन वेगळाच आहे, त्याच्याकडे येतो.

म्हाताऱ्याची गाडी म्हणजे बुलटाको शेर्पा टी. ट्रायलचा नावाजलेला रायडर सॅमी मिलर एरियल ही ब्रिटिश कंपनी सोडून स्पेनच्या बुलटाकोकडे गेला, त्यानं ही गाडी उभी केली, आणि १९६५ मध्ये तिच्यावरच स्कॉटिश सिक्स डेज ही सहा दिवसांची ट्रायल मारली. तिथून त्या पाचशे सीसीच्या जडशीळ ब्रिटिश फोरस्ट्रोकांचे दिवस भरले. आता तू लगेच बुलेटवर येणार. येऊ दे. जॉनी ब्रिटननं १९५२ ला आणि परत १९५७ ला तीच स्पर्धा रॉयल एन्फिल्डवर जिंकली, हे मी कधी नाकारलंय? मागं स्विंगआर्म असलेली पहिली बुलेट १९४८ मध्ये लोकांनी पाहिली तीसुद्धा ट्रायलमध्येच, कोलमोर कपला. म्हणजे ज्या गाडीवरून तुमच्या गल्लीत दुधाचे कॅन फिरायचे, तिचं बारसं इंग्लंडच्या चिखलात झालं. पण २०१९ ला कंपनीनं भारतात काढलेली ‘बुलेट ट्रायल्स’ तुझ्या पुतण्यानं घेतली आणि सायलेन्सर वर आहे म्हणून जोतिबाच्या पायऱ्यांवर घालायला निघाला होता, ती मात्र ट्रायलची गाडी नव्हे. त्याला अजून सांगितलं नसशील तर सांग. इथल्या आजच्या गाडीला सीटच नसते. सत्तर किलोच्या आसपास वजन, मागच्या टायरात हवा चार-पाच पीएसआय, अंगठ्यानं दाबलं तरी खड्डा पडतो. दगडाला टायर लोण्यासारखं चिकटलं पाहिजे म्हणून.

तर रविवार. ट्विनशॉक गटाची, म्हणजे मागं दोन शॉकअपवाल्या जुन्या गाड्यांची, वर्षातली शेवटची फेरी. कपासाठी दोघंच उरले होते, म्हातारा आणि तो पोस्टमन. हा खराखुरा पोस्टमन, यामाहा टीवाय घेऊन येतो, बोलत कमी, सँडविच फार खातो. सकाळी माझ्या सेक्शनला पहिली आली ती एक विशीतली पोरगी, इलेक्ट्रिक गाडीवर. आवाजच नाही! ओढ्यातले गोटे घसरल्याचा आवाज, तिचा श्वास, बस. शेतकरी खूश आहे या गाड्यांवर, कारण पलीकडच्या बंगल्यातले लोक आवाजाच्या तक्रारी करतात आणि क्लबची सगळी मदार त्या शेतकऱ्यावर. उद्या तो नाही म्हणाला की आमचा ओढा गेला. पण ऑब्झर्व्हरची पंचाईत होते. इंजिन असलं की कानाला कळतं, दम कुठं संपला, क्लच कुठं ओढला. हिच्या बाबतीत नुसती नजर. त्यामुळं सकाळपासून मी कानावर विसंबायचं सोडून पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बघायला लागलो होतो. व्हॉल्व्ह सरकतोय तोवर गाडी चालू आहे. सोपं.

दुपारी म्हातारा आला. ओढ्यातून वर येताना चुनखडकाची एक पायरी आहे, गुडघ्याएवढी, हिरवी शेवाळी. खालचे दोन्ही वळसे त्यानं असे काढले की बाकीच्यांना क्लासला बसवावं. पुढचं चाक पायरीवर चढलं, मागचं पायरीला भिडलं, आणि गाडी थांबली. इंजिन टुक-टुक चालू. म्हातारा पायटावर उभा, गुडघे जरासे वाकलेले, एक बोट क्लचवर. पाय खाली नाही. खडकात शंखाची एक पांढरी रेघ आहे, व्हॉल्व्ह बरोबर तिच्यासमोर उभा. मी बघतोय, रेघ आणि व्हॉल्व्ह, रेघ आणि व्हॉल्व्ह. मग त्यानं खांदे किंचित मागं घेतले, क्लच सोडला, गाडी अलगद वर चढली आणि दोन पट्ट्यांमधून बाहेर पडली. एकदाही पाय टेकला नाही. शहात्तर वर्षांचा माणूस, मर्दा! थांबायला परवानगी असलेल्या स्पर्धेत लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

मी पाचही बोटं वर केली.

तो माझ्याकडे बघून जरासा मान हलवून गेला. वाद नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी कार्डं जुळवली तेव्हा पोस्टमन तीन मार्कांनी पुढं. आता तूच हिशेब कर. माझे पाच नसते तर कप म्हाताऱ्याचा दोन मार्कांनी.

तेव्हापासून सगळे माझ्याशी फार गोड वागतायत. इंग्रज गोड वागायला लागला की समजावं. सेक्रेटरी घरी आला, चहा प्याला, हवामानावर बोलला, गाडीत बसता बसता म्हणाला, की नियमात शंकेचा फायदा रायडरला असतो, तुला किंचित जरी शंका असेल तर गुरुवारच्या कमिटीत तेवढं सांग, कार्ड दुरुस्त करू, कोणाचंच काही जायचं नाही. पोस्टमनचीही हरकत नाही म्हणे. त्याला विचारलं कोणी, देव जाणे. म्हाताऱ्याच्या बायकोनं फोन केला, तो माझ्या बायकोला, प्लमच्या जॅमबद्दल. शेवटी म्हणाली, “ही वॉज सो लुकिंग फॉरवर्ड.” संपलं. आता आमच्या घरात जॅमचं नाव निघत नाही.

लेका, मला शंका नव्हती. किंचितसुद्धा नव्हती. खोटं बोलायला मला फारसं जड जात नाही, ते तुला माहीत आहे, कॉलेजात तुझ्या घरी केवढ्या थापा मारल्यात. पण “मला शंका होती” हे बोलायला जीभ वळेना. आणि का वळेना हेही कळेना. कप म्हणजे काय तर वीतभर उंचीचं पितळ, त्यावरचं पॉलिश दरवर्षी कोणीतरी खरवडून काढतं. ज्या माणसानं मला ताशी दोन मैलांनी गाडी चालवायला शिकवली, पहिल्या वर्षी क्लबात माझ्याशेजारी येऊन बसणारा जो एकटा होता, त्याच्यासाठी एक वाक्य नाही बोलता येत?

त्यात भर अशी, की त्याची शेर्पा माझ्याच गॅरेजात असते. घर विकून ते फ्लॅटमध्ये गेले तेव्हापासून. किल्ली त्याच्याकडे आहे. पूर्वी तो शनिवारी सकाळी यायचा, साखरेच्या डब्यात त्याचा तो स्कॉट ट्रायलमधला चांदीचा चमचा घालून चहा ढवळायचा. तरुणपणी स्वेलडेलच्या चिखलात कमावलेला चमचा. त्या स्पर्धेत वेळेचेही मार्क आणि पायांचेही, १९१४ मध्ये अल्फ्रेड स्कॉटनं आपल्या शिपलीच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी काढलेली. आणि हा माणूस तो चमचा साखरेला वापरतो! आता तो मी कामावर असताना येऊन जातो. काल घरी आलो तर स्टँड सरकवलेला, तेलाचा ट्रे धुऊन ठेवलेला, चेन ताणलेली. चमचा नाही. घेऊन गेला. बायकोला म्हटलं तर ती म्हणते, त्याचाच आहे ना?

आता खरं सांगतो तुलाच का लिहितोय. तू हसणार, हस. शिवाजी पेठेतला तो गणपती. सावकाश सायकल. फक्कीच्या रेषा, दोन्ही बाजूंना अख्खी गल्ली, आणि मनगट लचकलं म्हणून त्या वर्षी तू पंच. शेवटी मी आणि तो पाटलांचा लंबू उरलो. आणि तू शिट्टी मारून मला बाद केलंस. भिंतीवरचं घड्याळ लंबूला गेलं. पाऊस सरेपर्यंत मी तुझ्याशी बोललो नव्हतो, येझदीवर मागं बसायलाही नको म्हणालो होतो.

यातून काही समेट वगैरे काढू नकोस. माझा पाय टेकला नव्हता. चप्पल घासली होती. इथल्या नियमात बूट म्हणजे पायच, मला माहीत आहे, लगेच लिहू नकोस. आपल्या गल्लीत इथले नियम नव्हते.

पण एक गोष्ट तू मला कधीच सांगितली नाहीस. त्या वर्षी आमच्या अण्णांची वर्गणी सगळ्यात मोठी होती, आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणजे तुझेच काका. बक्षिसाच्या आधी काकांनी तुला मांडवामागं नेलं, ते मी बघितलं. चांगला वेळ तुम्ही तिथं होता. परत आलास तेव्हा तुझे कान लाल होते आणि निकाल तोच. काका काय म्हणाले, तू काय म्हणालास, ते शब्दाला शब्द सांग. आणि नंतर घरी काय झालं तेही. त्यांच्याच घरात राहत होतास रे तू.

मला सल्ला नको. सल्ला द्यायला इथं अख्खी कमिटी बसलीय.

बाकी, नवीन व्हीएमसी मशीनच्या हप्त्यांचं जमतंय ना? मावशींच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? धाकटीच्या साखरपुड्याला यायला जमलं नाही, आता तोंड लग्नात दाखवतो, तारीख ठरली की आधी मला कळव, तिकिटं महाग होतात. फोटोत तू फेट्यात बरा दिसत होतास, पोट सोडून.

गुरुवारच्या आत फोन कर. तुमचे रात्रीचे साडेदहा म्हणजे आमचे सहा, तेव्हा मी घरी असतो.

तुझा,
नाना

ता. क. बुशचे आणखी दोन सेट कर, आणि या वेळी पैसे घे. एक शेर्पाचा, माप तेच. दुसरा पोस्टमनच्या टीवायसाठी. त्यानं रविवारीच विचारलं, निकाल लागल्यावर, तोंडात सँडविच घेऊन. त्याचं माप वेगळं आहे, ड्रॉइंग पाठवतो. व्हिडिओ कॉलवर म्हातारा भेटला तर हे त्याच्यापुढं बोलू नकोस.