सॅक पाठीवर, पण पट्टा कोणता?

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याच्या सुटीचे वेध लागले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एक ठरलेला सल्ला फिरू लागतो: नवरा-बायकोने पाठीवर सॅक टाकावी, युरोपच्या रेल्वेचा पास घ्यावा आणि मनाला येईल त्या स्टेशनावर उतरावे. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. मनाला येईल तिथे उतरण्याची मुभा युरोपातल्या सगळ्याच रेल्वेंवर नाही. फ्रान्स, स्पेन आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना हा पास (युरेल पास) हातात असला तरी जागेचे आरक्षण वेगळे करावे लागते आणि ते सक्तीचे आहे. फ्रान्सच्या टीजीव्हीला माणशी 10 ते 20 युरो, इटलीच्या फ्रेच्चारोसाला दहा-तेरा, पॅरिस-लंडन युरोस्टारला तीसच्या आसपास. शिवाय टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांचा कोटा ठरलेला असतो. तो संपला की गाडीत जागा दिसत असूनही पासवर मिळत नाही, वेगळे तिकीट काढावे लागते. जुलैत ऐन गर्दीच्या आठवड्यात हा कोटा आधीच उडालेला असतो आणि दोन पास खिशात असलेले जोडपे फलाटावर उभे राहते.

ज्यांना खरोखर मोकळे फिरायचे आहे त्यांनी पहिल्या खेपेला जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी हा पट्टा धरावा. इथल्या बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. सकाळी पाऊस दिसला तर दुपारच्या गाडीने जाता येते. नमुना म्हणून हा आराखडा घ्या: म्युनिक 3 रात्री, साल्झबर्ग 2, हालस्टाटजवळ 1, व्हिएन्ना 3, बुडापेस्ट 3, प्राग 3, ड्रेस्डेन 1, बर्लिन 2. एकूण 18 रात्री, मधले टप्पे सात. त्यातला सर्वांत लांबचा बुडापेस्ट-प्राग, सुमारे सात तासांचा. बाकीचे चार तासांच्या आत-बाहेर.

पासचे गणित मात्र कागदावर मांडूनच ठरवावे. महिन्याभरात सात प्रवास-दिवसांचा पास या आराखड्याला नेमका बसतो, पण टप्पे छोटे असल्याने दीड-दोन महिने आधी काढलेली प्रत्येक टप्प्याची सवलतीची वेगळी तिकिटे पुष्कळदा स्वस्त पडतात. फरक इतकाच की सवलतीचे तिकीट एका ठराविक गाडीला बांधलेले असते. ती चुकली की तिकीट गेले. वय 27 पर्यंत असेल तर युवा दर मिळतो आणि तराजू पासकडे झुकतो. 28 पासून पूर्ण दर. म्युनिक-साल्झबर्ग टप्प्यासाठी दोघांनी मिळून बायर्न तिकीट, म्हणजे म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे तिथले दिवसभराचे तिकीट, घ्यावे. ते साल्झबर्गपर्यंत चालते, मात्र फक्त प्रादेशिक गाड्यांत आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच.

पास घेतलाच तर तो आता फोनमध्ये असतो. गाडीत चढण्याआधी अ‍ॅपमध्ये ती गाडी जोडून त्या दिवसाचा प्रवास सुरू करावा लागतो. तिकीट तपासनीस समोर आल्यावर बोटे चालवणे म्हणजे विनातिकीट प्रवास. तीन दिवसांतून किमान एकदा फोन इंटरनेटला जोडला नाही तर पास उघडत नाही. बॅटरी संपली तरी तेच, म्हणून पॉवर बँक हवीच; विमानात ती हातातल्या सामानात ठेवायची, चेक-इनच्या नव्हे.

आरक्षण सक्तीचे नाही याचा अर्थ जागा मिळतेच असा नव्हे. शुक्रवारी दुपारी व्हिएन्नाहून बुडापेस्टला निघणाऱ्या गाडीत तीन ते सहा युरो टाकून दोन जागा राखलेल्या बऱ्या. जर्मनीत वक्तशीरपणाच्या दंतकथेवर विसंबू नये: 2024 मध्ये तिथल्या सरकारी रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या 62.5 टक्के गाड्याच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे वेळेवरच धरतात. गाडी बदलायची असेल तिथे अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा. काही गाड्या वाटेत दुभंगतात, पुढचे डबे एका गावाला आणि मागचे दुसऱ्या. नुसता फलाट बरोबर असून भागत नाही, डब्याच्या दाराजवळची पाटी वाचून चढावे. हालस्टाटला स्टेशन तळ्याच्या एका काठावर आणि गाव समोरच्या. गाडीला जोडून बोट सुटते, पण शेवटची बोट संध्याकाळीच. त्यानंतर उतरलेल्याला गाव पाण्यापलीकडे नुसते दिसत राहते. आणि प्रागहून ड्रेस्डेनला जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसावे, एल्ब नदी त्या अंगाला आहे.

आता व्हिसा, कारण घोडे बहुतेकदा इथेच पेंड खाते. शेंगेन क्षेत्रात सध्या 29 देश आहेत आणि त्या सगळ्यांना एकच व्हिसा चालतो. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे. वरचा आराखडा मोजा: जर्मनीत 3, 1 आणि 2 मिळून सहा रात्री, ऑस्ट्रियात 2, 1 आणि 3 मिळून सहाच. बरोबरी झाली की पहिला प्रवेश ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज, म्हणजे जर्मनीकडे. व्हिएन्नात एक रात्र वाढवली की अर्ज ऑस्ट्रियाकडे गेला. ‘अमुक वकिलातीत लवकर तारीख मिळते’ म्हणून तिकडे अर्ज करायचा आणि राहायचे भलतीकडे, ही युक्ती सीमेवरच्या प्रश्नांत उघडी पडते.

दुसरी चूक दिवसांची. 18 रात्री म्हणजे 19 दिवस, कारण उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. परतीचे विमान मध्यरात्रीनंतरचे असेल तर 20. व्हिसाच्या स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’च्या तारखा एक आणि मुक्कामाचे दिवस दुसरे असे दोन आकडे असतात. तारखांची मुदत सहसा जास्त असते, ती पाहून मुक्काम लांबवला की नियमभंग झाला. 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, तेव्हा एक दिवसाची चूकही यंत्राला दिसते. त्यासाठी पहिल्या वेळी फोटो घेतात (बोटांचे ठसे व्हिसाच्या अर्जावेळीच घेतलेले असतात) आणि तो पहिल्या शेंगेन विमानतळावरच. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे व्हिएन्नाला जाणाऱ्यांची इमिग्रेशनची रांग फ्रँकफर्टला लागते. तिथे दीड तासाची जोड पुरत नाही, तीन तासांची घ्यावी.

शुल्क प्रौढ माणशी 90 युरो आहे, 11 जून 2024 पासून, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. मे महिन्यात जायचे आणि अर्ज केंद्राची वेळ एप्रिलमध्ये शोधायची, हा मुंबई-पुण्याकडचा नेहमीचा घोळ. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि सगळ्या दिवसांसाठी लागू असणारा हवा. अर्ज, ठसे, विमा हे दोघांचे वेगवेगळे. एकच कमावते असेल तर त्याचे खर्चाची हमी देणारे पत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडावा; बायकोच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर हा दाखला हवाच. लग्न न झालेल्या जोडप्याला युरोपात कोणी काही विचारत नाही, पण अर्जात प्रत्येकाने आपापले बँकेचे विवरण दाखवलेले बरे. एकाचा व्हिसा येतो आणि दुसऱ्याचा अडकतो, असेही घडते. तोवर बुकिंग रद्द करता येणारेच ठेवावे.

सॅक घेताना सगळे लिटर पाहतात, पाठीची लांबी कोणी पाहत नाही. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येते, तिथपासून दोन्ही कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप लावावी. ते माप आणि सॅकची पाठ जुळली पाहिजे. आधी कमरेचा पट्टा हाडावर बसवून आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. उलट केले की सगळा भार खांद्यांवर येतो आणि तिसऱ्या दिवशी मान धरते. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर. राजगड-तोरणा केलेल्यांना हे सांगायला नको, पण त्यांनाही एक सांगावे लागेल: तीन आठवड्यांच्या युरोपला 60 लिटरची सॅक नको. 40 लिटर, भरून आठ किलो, पाच जोड कपडे आणि आठवड्याला एक धुणे. साबण, औषधे, चार्जर दोघांत मिळून एकच संच. कपडे मात्र थोडे एकमेकांच्या सॅकमध्ये ठेवावेत, म्हणजे एक सॅक विमानतळावर मागे राहिली तरी दोघांकडे बदलायला काही असते. चेक-इन करताना लोंबणारे पट्टे आत खोचून सॅक मोठ्या पिशवीत घालावी. नाहीतर सामानाच्या सरकत्या पट्ट्यात ते अडकून तुटतात. प्लग हाही छोटा पण नडणारा विषय. चेक प्रजासत्ताकाच्या सॉकेटमधून एक खिळा बाहेर आलेला असतो, त्यामुळे भोक नसलेला गोल जर्मन अ‍ॅडॉप्टर तिथे आत जातच नाही. दोन्हीकडे चालणारा, मधे भोक असलेला घ्यावा.

हॉस्टेलच्या सामूहिक खोलीतल्या दोन खाटा आणि छोट्या पेन्शनमधली (घरगुती गेस्टहाउसमधली) दोघांची खोली यांचा दर शेजारी ठेवून पाहा. दोघांसाठी सामूहिक खोली क्वचितच स्वस्त पडते, हे आमचे ठाम मत. मात्र खोली घेताना वातानुकूलन आहे का ते पाहावे, कारण जुन्या इमारतींत पंखासुद्धा नसतो आणि जुलैत पारा 35 च्या वर जातो. दिवसभर खिडक्या-झडपा बंद आणि रात्री सताड उघड्या, हाच तिथला रिवाज. मे महिन्यात जाणाऱ्यांनी इस्टरपासून दिवस मोजावेत: 39व्या दिवशी येणारा गुरुवार आणि 50व्या दिवशीचा सोमवार जर्मनी-ऑस्ट्रियात सुटीचे, आणि सुटीला आणि रविवारी तिथली किराणा दुकाने बंद. मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. पाणी विकत घेण्याचे कारण नाही. व्हिएन्नाच्या नळाला 1873 पासून आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी येते. बाटली घेतलीच तर चेपू नये. जर्मनीत आणि 2025 पासून ऑस्ट्रियातही प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, आणि दुकानातले यंत्र लेबल वाचूनच ती परत करते. बर्लिनमध्ये मेट्रोचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे. न छापलेले तिकीट म्हणजे 60 युरो दंड. प्राग-बुडापेस्टच्या एटीएमने ‘रुपयांत आकारू का?’ असे विचारले तर नाही म्हणावे आणि तिथल्याच चलनात पैसे काढावेत, नाहीतर यंत्राचा महागडा दर माथी बसतो.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडची माणसे हमखास फसतात ती सामान भरतानाच. भारतातून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या सगळे बाद. ताजी फळे-भाज्याही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राविना चालत नाहीत. अपवाद फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. मे महिन्यात म्युनिकच्या भाच्यासाठी नेलेली हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी विमानतळावरच्या कचरापेटीत जाते ती यामुळे. भाजणी, मेतकूट, उपम्याचा भाजलेला रवा खुशाल न्यावा, फक्त त्यात दुधाची भुकटी किंवा तूप नको. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बहुधा इंडक्शन असते. त्यावर आपला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा कुकर तापत नाही. तळाला लोहचुंबक चिकटत असेल तेच भांडे चालते. आणि मोहरी-हिंगाची फोडणी धुराच्या गजराखाली देऊ नये. इमारत रिकामी होते, आणि अग्निशमन दल आलेच तर त्याचे बिल खोलीच्या नावावर लागू शकते.

आपल्या पुरवणीत असे लेख जरूर यावेत. विनंती एवढीच की प्रत्येक मार्गासमोर ‘या गाडीला आरक्षण सक्तीचे आहे किंवा नाही’ एवढी एक ओळ छापावी.

आपले,
एक वाचक दाम्पत्य, पुणे