मांजराचं पिल्लू वांड आहे म्हणून सोडून देऊ नका

महोदय,

पावसाळ्यात मासळी बाजाराजवळ आणि देवळांच्या आवारात मांजराची दोन-तीन महिन्यांची पिल्लं भिजत बसलेली दिसतात. काही तर चांगली माणसाळलेली, म्हणजे घरातून आणून सोडलेली. तक्रार ठरलेली असते: चावतं, ओरबाडतं, रात्री झोपू देत नाही. पण हा शिकारीचा सराव आहे. त्याला वाट करून दिली की घर शांत राहतं.

मुळात ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे ते भावंडांशी कुस्ती करताना शिकतं. लवकर आणलेल्या पिल्लाचा हा धडा राहून जातो, आणि आपण बोटं नाचवून त्याला हातच भक्ष्य म्हणून दाखवतो. चावलं तर हात हिसकू नका, पकड आणखी घट्ट होते. हात सैल सोडा, खेळ थांबवा, उठून जा. मारू तर अजिबात नका. भ्यालेलं मांजर जास्त चावतं.

हातभर काठीला जाड सुतळी आणि तिच्या टोकाला चिंधी बांधा. चिंधी पिल्लाच्या तोंडासमोर नाचवायची नाही, जमिनीवरून त्याच्यापासून लांब, खुर्चीच्या पायाआड ओढत न्यायची. उंदीर मांजराच्या अंगावर धावून येत नसतो. पिल्लू दबा धरतं, मागचे पाय चाळवतं आणि झेप घेतं. शेवटी चिंधी त्याला सापडू द्या. असं १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. शेवटचा खेळ आपल्या झोपायच्या आधी आणि त्यावर लगेच जेवण. पोट भरलं की ते अंग चाटून झोपतं. पहाटे पायावर झडप घातली म्हणून उठून खायला दिलंत, तर उद्या ते त्याच वेळी उठवणार.

खेळ संपला की सुतळी कपाटात ठेवा. गिळलेला दोरा आतडं कापू शकतो. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या.

खाण्यात आपल्याकडे हमखास चूक होते ती हुमण-शिताची, म्हणजे माशाची आमटी आणि भात देण्याची. हुमणातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि नुसत्या भातावर त्याचं भागत नाही. बांगडा द्यायचाच तर बिनमिठाचा उकडून, काटे काढून, तोही अधूनमधून. कच्चा नको, कित्येक माशांतला एक घटक ब१ जीवनसत्त्व नष्ट करतो. गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. पिल्लांसाठीचं तयार खाद्य दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यावं, पाणी कायम भरलेलं असावं.

पावसात गोचिडी वाढतात. कुत्र्यासाठी आणलेलं औषध पिल्लाला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल दिलं तरी जीव जाऊ शकतो. लहान पिल्लू दिवसभर जेवलं नाही किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर उद्यावर ढकलू नका.

शौचासाठी पसरट टबात तीन बोटं कोरडी रेती घाला, टब जेवणापासून लांब ठेवा, दिवसातून दोनदा साफ करा. बाल्कनीला जाळी मारा. डोकं जातं तिथून पिल्लू जातं. उबेसाठी ते गाडीच्या इंजिनातही शिरतं, म्हणून सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा.

लसीकरण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतं, पुढचे डोस दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांचं होईपर्यंत; रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर. नसबंदीची तारीखही त्याच वेळी डॉक्टरांना विचारून ठेवा. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि सुमारे ६५ दिवसांत विते. बाजारात भिजणारी पिल्लं तिथूनच येतात.

— मांजरं सांभाळणारे काही वाचक, फोंडा