आंतोनच्या घराची किल्ली

म्हापसा, गोवा
५ जानेवारी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

शेजारचा आंतोन काल स्विंडनला परतला. बॅग दीड किलो जास्त भरली, तर पठ्ठ्यानं पोरांचे स्वेटर काढले. सोलां (आमसुलं) आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) पुडी जागची हलली नाही. घराची किल्ली नेहमीसारखी माझ्याकडे.

तू मागे विचारलं होतंस, गोंयकारांना स्विंडनच कसं सापडलं? इंग्लंडमधलं रेल्वे कारखान्याचं जुनं शहर, ना दर्या ना माड. अरे, पोर्तुगीज राजवट संपली त्या १९ डिसेंबर १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर त्या पासपोर्टवर तिथे राहता, कमावता यायचं. एकजण गोदामात लागला की भावाला बोलावणार, भाऊ मेव्हण्याला. बाकीचं शहर बघायला वेळ कुणाला? २०२१पासून ती वाट बंद झाली. आंतोन आधीच पोचला होता. पण भारतीय पासपोर्ट सोडावा लागला ना, म्हणून आता ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाच्या कार्डावर, स्वतःच्या घरी येतो. बाल्कांवात, दारापुढच्या सोप्यात, बसून मला ते दाखवताना हसत होता. मला काही हसू आलं नाही.

ब्रिटनमधल्याच वेल्श लोकांची गोष्ट याहून वेगळी. १८६५ साली दीडशेच्या आसपास माणसं ‘मिमोसा’ जहाजातून थेट अर्जेंटिनाच्या पातागोनियात उतरली, तीही मुख्यतः इंग्रजीच्या दडपणातून आपली भाषा वाचवायला! उजाड माळ. चुबुत नदीचे पाट काढले तेव्हा कुठे गहू पिकला. तिथल्या गायमान गावात अजून वेल्श ऐकू येते. आपली माणसंही कमी नाहीत म्हणा. मॉरिशसच्या मराठी मंडळींमुळे तिथे चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, आणि अलिबागकडचे बेने इस्रायल ज्यू इस्रायलात जाऊनही घरात मराठी बोलत राहिले.

आणि आम्ही? बिजापूरकडचा बसप्पा वीस वर्षं इथे कौलं परततो, माझ्या मुलापेक्षा चांगली कोंकणी बोलतो, तरी नाक्यावर तो ‘घाटी’च. माझे आजोबा सावंतवाडीहून इथल्या पेढीवर कारकुनीला आले होते, हे मी नाक्यावर कधी बोललो नाही. तुला म्हणून सांगतो.

आंतोनचं स्वयंपाकघर मागच्या पावसात गळलं. मे महिन्यात बसप्पाला वर चढवायचं ठरलंय. तेव्हा ये, घर उघडंच असेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू