मनूस पत्र

मिरज, रविवार

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता प्रशांतराव म्हणाले, तू गाण्याच्या पहिल्या परीक्षेचा, प्रारंभिकचा, फॉर्म भरायचा नाही म्हणतेस. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलं बसणार म्हणून. त्यावर काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. परीक्षा दे, नाहीतर राहू दे. पण हल्ली तू मिक्सर चालू असतानाच रियाज करतेस म्हणे, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

दबून गाऊ नकोस गं. आवाज दाबला की श्वास पुरत नाही, श्वास सरला की सूर उतरतो. मग तुला वाटतं, आपल्याला सूरच नाही. मोबाइलवर स्वतःचं गाणं ऐकून रडलीस, तेही कळलं. अगं, गाताना आपला आवाज आपल्याला हाडांतूनही पोचतो, म्हणून भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तेवढं नसतं. स्वतःचा आवाज सगळ्यांनाच परका लागतो. शिवाय वर्गातली पट्टी, म्हणजे सा धरायची उंची, मुलांच्या गळ्याची. बाईंना सांगून तुझी खाली घे, आणि भूप रागात मंद्र धैवतावर, खालच्या सप्तकातल्या ध वर, निवांत थांबून बघ.

झालं, लागले शिकवायला. चाळिशीतल्या लेकीला असं सांगू नये. राग मानू नकोस.

दर्ग्याच्या उरुसात चिंचेखाली गाणं चालायचं, तू माझ्या मांडीवर. झोपलीस समजून उठायला जावं, तर पदर घट्ट धरलेला. घरी बाबा गायिका गंगूबाई हनगल यांची रेकॉर्ड लावून विचारायचे, "बाई की बुवा?" तू ठासून "बुवा!" म्हणायचीस. गंगूबाईंच्या 1935च्या आसपासच्या रेकॉर्ड ऐक, आवाज केवढा बारीक आहे. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो जाड झाला. तोच घेऊन त्या जन्मभर मोकळ्या गळ्यानं गायल्या.

ऑफिस, सासूबाईंचं दुखणं, आर्यची दहावी, आणि त्यात तू गाणं धरलंस. गल्लीत भेटेल त्याला मी सांगते. भीती एवढीच वाटते, कथ्थकचे घुंगरू अजून माळ्यावर आहेत, त्यांच्या शेजारी गाण्याची वही जाऊ नये. मिक्सर बंद करून गा. शेजारच्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे.

आत्याचा तानपुरा सतारमेकर गल्लीत दिलाय, जवारी काढून, म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार नीट करून, होईल या आठवड्यात. पट्टी ठरली की लगेच कळव, तारा त्या मापाच्या लावायच्या आहेत.

तुझी,
आई